परदेशात लैंगिक आजारांची तपासणी: सरकारी क्लिनिक, खासगी डॉक्टर, विद्यापीठाचं केंद्र की घरी येणारं किट?

कंडोम फाटला, असुरक्षित संबंध आला किंवा कुणी जबरदस्ती केली, आणि त्याला अजून ७२ तास झालेले नसतील, तर हा लेख बाजूला ठेवा. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि ‘पेप’ हवं म्हणून सांगा. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा हा २८ दिवसांचा कोर्स असतो. तो ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि जितका लवकर तितका चांगला. क्लिनिकची अपॉइंटमेंट चार दिवसांनंतरची मिळाली म्हणून मुकाट घरी बसू नका, तिथेच हातातली वेळ निघून जाते. गर्भ राहण्याची भीती असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांत घ्यायची, युलिप्रिस्टाल १२० तासांपर्यंत चालते, आणि कॉपर टीही ५ दिवसांच्या आत बसवता येते.

ही घाई नसेल तर आता निवांत ठरवू. परक्या देशात तपासणी म्हटलं की बहुतेक जण ‘पैसे किती लागतील’ इथून सुरुवात करतात. माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, त्या प्रसंगाला किती दिवस झाले? दुसरा, निकालाचा कागद कुणाकुणाच्या हातात जाणार? या दोन उत्तरांवर निम्मी निवड होऊन जाते.

दिवसांचं गणित

प्रत्येक आजाराला रक्तात किंवा लघवीत दिसायला वेळ लागतो. त्याला विंडो पीरियड म्हणतात. क्लॅमिडिया आणि गनोरिया (जुन्या भाषेत परमा) यांच्यासाठी साधारण दोन आठवडे धरतात. एचआयव्हीसाठी शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची टेस्ट (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनंतर भरवशाची, तर बोट टोचून किंवा लाळेवर झटपट होणाऱ्या टेस्टसाठी ९० दिवस धरावेत. सिफिलिसला, म्हणजे गरमीला, १२ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून तिसऱ्या दिवशी घाबरून केलेल्या टेस्टचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, तो त्याच्या आधीचं सांगतो. कुठेही तपासलंत तरी दोन आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा, असा बेत ठेवा.

लक्षणं असतील तर मात्र दिवस मोजत बसू नका, आजच जा. लघवीला जळजळ, पूसारखा स्राव, ओटीपोटात दुखणं, वृषण सुजणं, तळहातांवर उठलेलं पुरळ, किंवा न दुखणारा फोड. न दुखणारा म्हणूनच तो अनेकजण सोडून देतात, आणि सिफिलिसचा पहिला फोड नेमका तसाच असतो.

सरकारी क्लिनिक: माझी पहिली पसंती

ज्या देशात हे चांगलं चालतं तिथे याला तोड नाही. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या, सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये तपासणी आणि उपचार मोफत असतात, व्हिसा कोणताही असो. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून एचआयव्हीचे उपचारही परदेशी माणसाला मोफत मिळतात. या क्लिनिकची नोंद वेगळी ठेवली जाते, तुमच्या संमतीशिवाय नेहमीच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, पाठवत नाहीत. फ्रान्समध्ये सेजिद नावाची केंद्रं आहेत. तिथे फुकट तपासणी होते आणि हवं तर नाव न सांगताही होते. जर्मनीत शहराच्या गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, म्हणजे आरोग्य कार्यालयात, संसर्ग प्रतिबंधक कायद्यानुसार निनावी सल्ला आणि तपासणीची सोय असते. जपानमध्ये होकेन्जो या सरकारी आरोग्य केंद्रांत एचआयव्हीची टेस्ट मोफत आणि निनावी होते. अमेरिकेत असं एकसंध जाळं नाही. तिथे काउंटीचा आरोग्य विभाग किंवा उत्पन्न पाहून फी ठरवणारी क्लिनिकं शोधावी लागतात.

यातली खरी अडचण म्हणजे वाट बघणं, आणि तो फॉर्म. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवर नंबर मिळाला, नावानं कुणी हाक मारली नाही. फॉर्मवर प्रश्न होते: गेल्या तीन महिन्यांत किती जणांशी संबंध आला, पुरुष की स्त्री, तोंडाने, योनीमार्गे की गुदमार्गे. वाचताना कान तापले. आपण आईसमोर हे शब्द उच्चारलेले नसतात आणि इथे अनोळखी नर्स पेन हातात घेऊन शांतपणे उत्तराची वाट बघत असते. मी एका चौकटीत खोटं लिहिलं. नंतर त्याच नर्सनं समजावलं की हे प्रश्न चौकशीसाठी नाहीतच, कुठला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं शरीराच्या कुठल्या जागेचा नमुना, घ्यायचा ते त्यावरून ठरतं. घशातला गनोरिया लघवीच्या टेस्टमध्ये दिसत नाही, गुदमार्गातला क्लॅमिडियाही नाही. मी चौकट दुरुस्त केली. तुम्ही पहिल्याच फटक्यात खरं लिहा. लाजेपोटी खोटं लिहिलं तर चुकीच्या जागेची तपासणी होते आणि ‘सगळं ठीक’ असा निकाल घेऊन माणूस घरी जातो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. नेहमीच्या लघवी तपासणीत सुरुवातीची धार सोडून मधली धार घेतात. इथे उलटं असतं, पहिली धारच हवी असते, आणि त्याआधी निदान तासभर लघवीला गेलेलं नसावं. स्त्रियांना बहुतेक ठिकाणी स्वतःच स्वॅब घ्यायला देतात. कापसाची काडी आत फिरवायची आणि नळीत घालून झाकण लावायचं, इतकंच. डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याइतकाच तो चालतो.

खासगी डॉक्टर: वेग मिळतो, पण काय विकत घेताय ते बघा

संध्याकाळची वेळ, इंग्रजी बोलणारा डॉक्टर, एक-दोन दिवसांत रिपोर्ट. लक्षणं आहेत आणि सरकारी क्लिनिकची तारीख लांबची आहे, अशा वेळी खासगी डॉक्टर गाठणं योग्यच.

माझा आक्षेप ‘फुल पॅनेल’च्या, म्हणजे सरसकट सगळ्या टेस्ट एकत्र विकणाऱ्या, पॅकेजना आहे. त्यांत हर्पिसची, म्हणजे जननेंद्रियांवर किंवा ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूची, रक्ततपासणी बऱ्याचदा असते. कुठलीही लक्षणं नसताना ती करू नये असंच अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं म्हणणं आहे, कारण त्यात चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ येण्याचं प्रमाण मोठं आहे. फोड आला असेल तर त्या फोडाचा स्वॅब घेतात, ती खरी तपासणी. मायकोप्लाझ्मा-युरियाप्लाझ्मा या जिवाणूंचंही तसंच, लक्षणं नसलेल्यांनी त्यांच्या मागे लागायचं कारण नाही. उगाच एक ओळ लाल दिसते आणि पुढचे तीन महिने झोप उडते.

दुसरं, काही लॅब फक्त रिपोर्ट देतात, उपचार नाही. गनोरियाला सहसा सेफ्ट्रायाक्सोनचं इंजेक्शन लागतं, ते कोण देणार? शेवटी सरकारी क्लिनिकच गाठावं लागतं. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: ‘पॉझिटिव्ह आलं तर उपचार इथेच मिळतील का?’

विद्यापीठाचं आरोग्य केंद्र

विद्यार्थी असाल आणि पहिलीच वेळ असेल तर ही वाट सगळ्यात सोपी. ओळखीचा परिसर असतो, आणि तुमचा निकाल विभागप्रमुखाला किंवा घरी कळवला जात नाही. मात्र घशाचे-गुदमार्गाचे स्वॅब आणि पेप सगळीकडे मिळतंच असं नाही. आधी फोन करून विचारा.

घरी येणारं किट

नियमित तपासणीसाठी किट छान आहे. आयर्लंडमध्ये २०२२ पासून देशभर मोफत किट घरपोच मागवता येतं. इंग्लंडमध्येही बऱ्याच भागांत ही सोय आहे. साधं पाकीट येतं, वर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे फ्लॅटमेटला कळत नाही.

रक्ताची नळी मात्र परीक्षा बघते. ती करंगळीच्या पेराएवढी असते आणि तिच्यावर एक रेघ असते, रक्त तिथपर्यंत भरायचं. टोचल्यावर दोन थेंब येतात आणि थांबतं. हात आधी गरम पाण्यात धरा, पाणी प्या, उभं राहा, हात खाली सोडा, मग बोटाच्या मुळापासून टोकाकडे दाबत या. रेघेच्या खाली रक्त राहिलं तर लॅब ‘नमुना अपुरा’ म्हणून परत कळवते आणि पुन्हा आठवडा जातो. नळीवरच्या लेबलवर जन्मतारीख आणि नमुन्याची तारीख नीट लिहा.

घरच्या घरी निकाल देणारी एचआयव्ही सेल्फ टेस्ट ही वेगळी गोष्ट. तिच्यावर पॉझिटिव्ह आलं तर तो अंतिम निकाल नाही, प्रयोगशाळेत खात्री करावीच लागते. आणि लक्षणं असतील, गरोदर असाल किंवा जबरदस्ती झाली असेल तर किटचा विचारच सोडा. तिथे समोर माणूस हवा.

कागद कुणाच्या हातात जातो

नवऱ्याच्या नोकरीच्या विम्यावर परदेशात राहणाऱ्या बाईनं हा भाग नीट वाचावा. अमेरिकेत विमा वापरला की कुठली सेवा घेतली याचं पत्रक पॉलिसी ज्याच्या नावावर त्याला जातं. ते वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची लेखी मागणी विमा कंपनीकडे करता येते, पण ती तपासणीच्या आधी करायची. नाहीतर विमा न वापरता सरकारी किंवा कमी फीच्या क्लिनिकमध्ये जा. अशा वेळी पैसे वाचवण्यापेक्षा गुप्तता मोठी आहे.

मग व्हिसा. स्वतःहून क्लिनिकमध्ये केलेली टेस्ट आणि व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेनं एचआयव्हीमुळे प्रवेश नाकारण्याचा नियम जानेवारी २०१० मध्ये काढून टाकला. पण संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत इथे नोकरीच्या परवान्यासाठी एचआयव्हीची तपासणी होते, आणि परदेशी कामगार पॉझिटिव्ह निघाला तर त्याला परवाना मिळत नाही, परत पाठवतात. मला हे अन्यायाचं वाटतं, पण जाणाऱ्यानं ते माहीत असूनच निघावं. तिकडे जायचं असेल तर निघण्याआधी आपली तपासणी आपण करून घ्या, म्हणजे निकाल पहिल्यांदा तुमच्या हातात येईल.

सोबत कुणाची

भाषा येत नसेल तर मैत्रिणीला दुभाषी म्हणून नेऊ नका. तिच्यासमोर तुम्ही निम्मंच बोलाल, आणि उरलेलं निम्मं ती संकोचानं गाळेल. क्लिनिककडे व्यावसायिक दुभाष्या मागा. एनएचएसमध्ये तो मोफत मिळतो, बऱ्याचदा फोनवरून.

जबरदस्ती झाली असेल तर इंग्लंडमध्ये सेक्शुअल असॉल्ट रेफरल सेंटर आहेत. तिथे पोलिसांत तक्रार न करताही जाता येतं, पुरावे जपून ठेवले जातात आणि तक्रारीचं नंतर ठरवता येतं. शक्य असेल तर जाईपर्यंत आंघोळ करू नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा. पण आंघोळ झाली असली तरी जाच.

निकाल पॉझिटिव्ह आला तर? क्लॅमिडिया डॉक्सीसायक्लिनच्या ७ दिवसांच्या कोर्सनं बरा होतो, तोपर्यंत संबंध टाळायचे आणि जोडीदारालाही तपासायला लावायचं. स्वतः सांगायचं धैर्य होत नसेल तर अनेक क्लिनिकं तुमचं नाव न घेता त्यांना निरोप पाठवतात. एचआयव्हीवर रोज गोळी घेऊन विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे वाक्य ज्याला निकाल आला आहे त्याला त्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

जाताना फोनमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवा: प्रसंगाची तारीख, लक्षणं केव्हा सुरू झाली ते, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का. सिफिलिसचा उपचार पेनिसिलिनच्या इंजेक्शननं करतात, त्यामुळे हे विचारलं जातंच. आणि नंबर देताना दोन आठवड्यांनीही चालू असेल असाच द्या. निकाल मेसेजनं येतो, आणि तात्पुरत्या घेतलेल्या सिमची मुदत तोवर संपलेली असू शकते.