आजच्या काउंट्या आणि जुनी गेलिक राज्यं एकाच भिंतीवर: काही महिने वापरल्यानंतर

डब्लिनच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर आयर्लंडचा एक मोठा लॅमिनेटेड नकाशा लावलाय. काळ्या रेषेत आजच्या 32 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), त्यांच्याखाली फिकट रंगांत इसवी सन 1100 च्या आसपासची गेलिक, म्हणजे मूळ आयरिश घराण्यांची राज्यं, आणि मागे गावांची सूची. या धाटणीचे नकाशे इथे बरेच मिळतात, म्हणून प्रकाशकाचं नाव घेत नाही.

आधी उपयोगाचं. इथे ओळख झाली की दुसरा-तिसरा प्रश्न 'कुठल्या काउंटीचे?' हाच. उन्हाळ्यात हर्लिंग (काठी आणि चेंडूचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉलचे सामने सुरू झाले की गाड्यांवर, खिडक्यांत काउंटीच्या रंगाचे झेंडे लागतात. 1884 मध्ये टिपरेरीतल्या थर्ल्सला गेलिक ॲथलेटिक असोसिएशन निघाली, काउंटीविरुद्ध काउंटी सामने व्हायला लागले आणि ही निष्ठा पक्की झाली. पण या रेषा आखल्या इंग्रजी कारभारानं, महसूल आणि कोर्टकचेऱ्या चालवायला. 1169 मध्ये इंग्लंडच्या राजाचे नॉर्मन सरदार उतरले, डब्लिनकडून काउंट्या आखायला सुरुवात झाली, आणि शेवटची विकलो झाली थेट 1606 मध्ये. विकलो तर डब्लिनच्या दारात! पण तिथल्या डोंगरांतली ओबर्न आणि ओटूल घराणी कुणाला दाद देत नव्हती. नकाशा समोर असल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

काही ठिकाणी काळी रेषा आणि खालचा रंग बऱ्यापैकी जुळतात. वायव्येला ब्रेफ्ने नावाचं राज्य होतं. पुढे त्याचे दोन भाग झाले: पश्चिमेला ओरूर्क, पूर्वेला ओरायली. तेच आजचे लीट्रिम आणि कॅव्हन. लीट्रिम नीट बघाच. लांबट, मध्येच लॉक ॲलन तलावानं जवळजवळ दोन तुकडे केलेलं, आणि वर समुद्राला टेकतं ते जेमतेम चारेक किलोमीटर. याच ब्रेफ्नेच्या टिअरनन ओरूर्कची बायको 1152 मध्ये लेन्स्टर या पूर्वेकडच्या प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो याने पळवली. 1166 मध्ये डर्मटला गादी सोडून पळावं लागलं आणि त्यानं मदतीला बोलावलेली माणसं म्हणजेच ते नॉर्मन.

ऑफलीपाशी मात्र नकाशा गोंधळात टाकतो. जुन्या ई फालगे राज्याचा बराचसा मुलूख आजच्या किल्डेअरमध्ये गेलाय; किल्डेअरमधल्या दोन बॅरनींची (काउंटीच्या जुन्या उपविभागांची) नावं अजूनही पूर्व ऑफली आणि पश्चिम ऑफली अशीच आहेत. उलट आजच्या ऑफलीच्या पश्चिमेकडचा भाग त्या राज्यात कधी नव्हताच. 1556 मध्ये राणी मेरीच्या काळात ही जमीन ओकॉनर आणि ओमोर घराण्यांकडून काढून 'किंग्ज काउंटी' आणि 'क्वीन्स काउंटी' केल्या गेल्या. राजा म्हणजे मेरीचा नवरा, स्पेनचा फिलिप. स्वातंत्र्यानंतर ऑफली आणि लीश ही नावं आली. नकाशावर ही जुनी इंग्रजी नावं कुठेच नाहीत, सूचीतही नाहीत. पूर्वजांचे कागद शोधणाऱ्याला नेमकी तीच लागतात. अशा वेळी मी 'लोगनम' ही स्थलनामांची मोफत साइट उघडतो.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे कॅथलिक धर्मप्रांतांच्या सीमा नाहीत. राज्यांचा खरा माग काउंट्यांपेक्षा या सीमांवर जास्त लागतो, असं माझं मत झालंय. 1111 ची राथ ब्रेसलची आणि 1152 ची केल्सची धर्मसभा, या दोन्हींत धर्मप्रांत ठरले तेव्हाच्या राजांचे मुलूख डोळ्यांसमोर ठेवून. राज्यं बुडाली तरी बिशपच्या हद्दी बऱ्याचशा तशाच राहिल्या. म्हणून बारीक मार्करनं मीच लॅमिनेशनवर त्या काढल्या. ऑसरीचा धर्मप्रांत काढला आणि किलकेनी ओलांडून रेघ सरळ लीशमध्ये घुसली. खालचा ऑसरी राज्याचा रंगही तिथवरच जातो. किलालूचा प्रांत शॅनन नदीच्या दोन्ही काठांवर, क्लेअर आणि उत्तर टिपरेरीत पसरलाय, आणि किलालू म्हणजे आयर्लंडचा प्रसिद्ध राजा ब्रायन बोरू याचं ठाणं. तो 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत पडला, पण त्याच्या दाल गाश या घराण्याचा मुलूख अजून बिशपच्या हद्दीत दिसतो. क्लेअरमधला चिमुकला किलफेनोरा म्हणजे तर कॉर्कमरोचं छोटं राज्यच.

दुसरी तक्रार रंगांच्या कडांची. प्रत्येक राज्याची कड सुरीनं कापल्यासारखी. गेलिक राजाचं बळ मोजायचं ते त्याच्याकडे ओलीस कुणाची मुलं आहेत, खंडणी कोण आणून देतं, गुरं कोण कुणाची हाकून नेतं, यावरून. थोरल्या मुलालाच गादी असा नियम नव्हता; पणजोबा एक असलेल्या पुरुषांतून कुणीही दावा सांगू शकत असे, म्हणून भाऊबंदकी पाचवीला पुजलेली. दर पिढीला मुलूख हलायचा. तूआ म्हणजे सगळ्यात छोटं राज्य; त्याचा राजा वेगळा, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर प्रांताचा. हा उतरंडीचा भाग नकाशात कुठेच नाही. उत्तरेच्या अल्स्टर प्रांतात केनेल ओगन या घराण्याचा पसरट हिरवा पट्टा बघून वाटतं, इथे कायमचं एकच राज्य होतं. त्याच केनेल ओगनमधल्या ओनील घराण्याच्या राज्याभिषेकाची शिळा टुलाहोगला होती, ती 1602 मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड माउंटजॉयनं फोडली. टुलाहोग नकाशावर आहे, साध्या ठिपक्यासारखं. तिथे काहीतरी खूण हवी होती.

छपाईचं म्हणाल तर मीथच्या आसपास अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही सूचीत बघावं लागतं. सूचीत नावांची एकच रूपं दिलीत. लॅमिनेशन चकचकीत आहे, संध्याकाळी दिवा लावला की दक्षिणेच्या मन्स्टर प्रांताचा अर्धा भाग उजेडात गायब. मार्कर पुसला जातो, ही मात्र सोय.

कुणी घ्यावा? आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी, मुलं काउंटीसाठी खेळत असतील त्यांनी, आडनावांवरून मूळ शोधणाऱ्यांनी जरूर. नेमक्या सीमा उतरवून घ्यायच्या असतील तर नको. मॅट लॅमिनेशनचा मिळाला तर तोच घ्या, आणि सोबत एक बारीक टोकाचा मार्कर.