मे महिन्यात काठोकाठ भरलेलं भंडारदरा, आणि गेलेले २१,३६० रुपये

मोटारहोमचा, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीचा, ॲडव्हान्स ९,०००. ‘परत मिळणारं’ डिपॉझिट १०,०००. धरणाकाठची जागा आणि वीज २,०००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६०. पावती आली, पण तिच्यावर जीएसटी नंबर नाही. ठरलेल्या सकाळी फोन बंद.

इन्स्टावरची जाहिरात, ‘शनिवारची एकच गाडी उरलीय’, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. डोक्यातून जात नाही तो व्हिडिओ. ‘सर, आत्ताच काढलाय.’ मेअखेर, काजव्यांचा हंगाम, आणि पाणी थेट तंबूच्या खुंटीला टेकलेलं! मागचे डोंगर हिरवेगार! खरं तर उन्हाळी आवर्तनं (शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी) सुटून सुटून तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, काठाला तडकलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्या गाळावर साडेतीन टनांची गाडी नेली की वरची खपली फुटते आणि चाक रुततं, मग ट्रॅक्टर शोधा. ‘पाण्यापासून दहा फुटांवर पार्किंग’ देणाऱ्याला तिथंच पकडायला हवं होतं. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, आतली जमीन सरकारने संपादित केलेली असते, ती कोण भाड्याने देणार?

पण समोरचा माणूस कच्चा नव्हता. १०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांवर एसी जेमतेम दोन तास चालेल, रात्रभर हवा तर बाहेरून १६ अँपिअरचं कनेक्शन लागेल, हे त्याने न विचारता सांगितलं. इतकं खरं बोलणाऱ्यावर संशय कोण घेतो? क्यूआरवर कंपनीऐवजी कुणाचं तरी नाव दिसलं, तेव्हा वाटलं, तिकडचे बरेच कॅम्पवाले स्वतःच्याच खात्यात पैसे घेत असतील.

गाडीची पाटी मागा. चालकासह भाड्याची असेल तर पिवळी, स्वतः चालवायची असेल तर काळ्यावर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी किंवा पुसट केलेली पाटी दिसली की फोन ठेवा. नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून विमा आणि फिटनेस बघा.

आता आपली यंत्रणा. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक मिळाला, बस्स. (फोन लावताना यूटीआर, म्हणजे यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, हाताशी ठेवा, पहिल्या तासातच काय ते होतं.) बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात आधी ‘हा दिवाणी मामला’, मग ‘गाडी अकोले तालुक्यात मिळणार होती ना, तिकडे जा’. झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०, म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. स्क्रीनशॉटच्या तीन-तीन झेरॉक्स बाहेरून आणायच्या, अर्जावर शिक्का मारून घ्यायलाही हुज्जत. एफआयआर नाही तो नाहीच. तोवर पैसे चार खाती पुढे गेलेले.

आणि आता नव्या नंबरवरून मेसेज येतोय: ‘डिपॉझिट परत करतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की जातात.