किनाऱ्यावरची लाकडी खोली: पाइन, जुनं लाकूड की माणगा बांबू?

आमच्याकडे बागेत राखणीसाठी बांधतात तो मांगर. मुंबई-पुण्याहून येणारे त्यालाच आता केबिन म्हणतात. दहा बाय चौदाची, पुढे पडवी, समुद्राचा आवाज ऐकू येईल अशी. ती कशाची बांधावी, हा प्रश्न दर दिवाळीनंतर कोणी ना कोणी विचारतंच. कोकणात तीन पर्याय खरोखर मिळतात आणि तिन्ही टिकाऊ, पर्यावरणपूरक म्हणूनच विकले जातात. मी मात्र तिघांनाही एकच प्रश्न विचारतो: जुलैत खिडकी फुगली तर दुरुस्त कोण करणार?

पहिला पर्याय परदेशी पाइनची तयार खोली. कंटेनरमधून फळ्या येतात, चार माणसं आठवडाभरात उभी करून जातात. लाकूड लागवडीच्या जंगलातलं असतं, म्हणजे सह्याद्रीतलं झाड पडत नाही, हे खरं. पण पाइन मुळात मऊ. औषध मुरवलेलं नसेल तर आपल्या दमट हवेत त्याला वाळवी आणि बुरशी दोन्ही लागतात. मुरवलेलं असेल तरी औषध बाहेरच्या थरातच जास्त असतं. जागेवर फळी कापली की आतला कोरा भाग उघडा पडतो. त्या कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावलं जातंय का, हे स्वतः उभं राहून बघा. तांबं, क्रोम, आर्सेनिक असलेलं औषध मुरवलेल्या फळ्यांचे तुकडे उरले तर बंबात किंवा चुलीत अजिबात घालू नका.

माझ्या एका स्नेह्याची अशी खोली पहिल्या पावसाळ्यानंतर पाहिली. फळ्या ठीक होत्या. खिळ्याच्या प्रत्येक डोक्याखाली मात्र गंजाचा वीतभर तांबडा ओघळ, जणू खोलीभर कोणी पान थुंकलं होतं. दार फुगून चौकटीत इतकं घट्ट बसलं होतं की मागच्या खिडकीतून आत जावं लागलं. बांधणाऱ्यांनी दिवाळीनंतर येतो म्हणून सांगितलं.

दुसरा पर्याय जुन्या घराचं लाकूड. गावोगावी चौपाखी घरं पाडून स्लॅब टाकले जाताहेत. त्यातून सागवानाचे खांब, ऐना-किंजळाचे वासे, फणसाच्या फळ्या निघतात. या लाकडाने पन्नास-साठ पावसाळे काढलेले असतात. जे वळायचं, तडकायचं, ते होऊन गेलेलं असतं. नवीन ऐन घ्यायचा तर कुणाच्या तरी डोंगरातलं मोठं झाड पडतं, शिवाय साग, ऐन, किंजळ, फणस तोडायला वनखात्याची परवानगी लागते. जुन्या लाकडासाठी काहीच तोडावं लागत नाही. घरमालकाकडून विक्रीची पावती मात्र लिहून घ्या, वाटेत नाक्यावर विचारतात.

घेताना सोबत सुतार न्या. आमचा सुतार वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, पाठीने वाशावर टोकटोक करत टोकापर्यंत जातो. आवाज खणखणीत असेल तर पुढे, बद्द आला की खडूने फुली. वाशाचं भिंतीत चिणलेलं टोक बहुतेक वेळा गेलेलं असतं. ते हातभर कापून टाकलं की उरलेलं लोखंडासारखं निघतं. त्रास एवढाच की आत मोडके खिळे असतात, रंध्याचं पातं जातं. आणि लांबी तुमच्या मनासारखी मिळत नाही. म्हणून आधी लाकूड घ्या आणि मग नकाशा काढा. तुमच्या वास्तुविशारदाला हे आवडणार नाही.

तिसरा माणगा. सिंधुदुर्गातला हा बांबू बिनकाट्याचा, सरळ आणि जवळजवळ भरीव. कुडाळ परिसरात त्यावर प्रक्रिया करून बांधकाम करणारे लोक तयार झाले आहेत. 2017 मध्ये वन कायद्यात बदल होऊन खासगी जमिनीतला बांबू 'झाड' या व्याख्येतून बाहेर आला, तेव्हापासून तोडणी-वाहतूकही सोपी झाली. बेटातून पिकलेल्या काठ्या काढल्या तरी बेट वाढतच राहतं, त्यामुळे पर्यावरणाच्या हिशोबात याला तोड नाही. पण भरीवपणाची दुसरी बाजू अशी की औषध आत मुरायला वेळ लागतो. शंभर लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड हे द्रावण भुंग्याला चांगलं रोखतं, पण पावसात धुऊन जातं. म्हणून माणगा छपराच्या आत वापरावा: कुडाच्या भिंती, माळा, पडवीची जाळी. जमिनीत रोवलेला बांबू दोन-तीन वर्षांत हातात येतो.

वाऱ्याचं गणित तिघांनाही सारखंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. माड, पोफळी, सुरू आडवे झाले, छपरं उडाली. पावसासाठी वळचण तीन-चार फूट बाहेर हवी, आणि वारा नेमका तिथेच हात घालतो. त्यामुळे पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा. गेलंच तर तेवढंच जाईल. वासा भिंतीवरच्या आडव्या पाटाला नुसता टेकवू नका, पट्टीने बांधा. पट्ट्या आणि स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. महाग वाटतात, पण वरचा ओघळ आठवा. खांब जांभ्याच्या जोत्यावर, दगडी तळखड्यावर उभे करा. काँक्रीटमध्ये गाडलेला खांब तळातून कुजतो. वरून चकचकीत पॉलिश नको, पापुद्रे सुटतात. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात तेच लावा, फक्त हातमोजे घालून, कातडी सोलते.

लाकडी आहे, तात्पुरतं आहे, परवानगी कशाला, हे ऐकू नका. सीआरझेडला, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांना, लाकूड आणि चिरा सारखेच. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत साधारणपणे नवीन बांधकाम होत नाही; 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना ही मर्यादा 50 मीटर केली आहे. तुमचं गाव कशात येतं ते जिल्ह्याच्या मंजूर नकाशावरच पाहा. अगदी पाण्याजवळच हवं असेल तर गोव्यात काणकोणातल्या पाळोळ्याच्या (पालोलेम) किनाऱ्यावर जाऊन या. तिथल्या झोपड्या पावसाआधी सुटतात आणि नंतर पुन्हा उभ्या राहतात.

वर्षात चार वेळाच येणार असाल, चावी शेजाऱ्याकडे राहणार असेल आणि कंपनीचा माणूस तालुक्यातलाच असेल, तर पाइन चालेल. नाहीतर सांगाडा जुन्या लाकडाचा, भिंती माणग्याच्या. दोन्हीची दुरुस्ती वाडीतला सुतार करू शकतो. माणगा पाऊस संपून थंडी पडल्यावर तोडलेला घ्या, तीन वर्षांहून जुन्या काठ्यांचा. सुताराला मात्र आजच सांगून ठेवा, दसऱ्यानंतर तो कुणालाच सापडत नाही.