मुठीतली फट: फिक्स्ड ब्लेड सुरी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

खंडेनवमीला पाटावर कोयती, विळी, आडकित्ता, ह्यांचा व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणि ही न मिटणाऱ्या पात्याची सुरी मांडली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. बाकीची हत्यारं स्वच्छ झाली, पण सुरीच्या मुठीवर उजव्या बाजूने एक लाल रेघ काही केल्या जाईना. केसाएवढी बारीक आणि पाऊण इंच लांब. कुंकवाचं पाणी फटीत शिरलं होतं.

आमच्या ह्यांनी कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीत काढली आहेत. चष्मा चढवून बघितलं आणि म्हणाले, "डाय पेनिट्रंट टेस्ट झाली की!" धातूतली डोळ्यांना न दिसणारी भेग शोधायला तिथे असाच लाल रंग लावतात, पुसून टाकतात आणि वरून पांढरी पावडर मारतात. भेगेत राहिलेला रंग पावडरीवर उमटतो. म्हणजे २,८९० रुपयांच्या सुरीची तपासणी कंपनीत झाली नाही ती आमच्या देवघरात झाली.

आणि ही दुसरी फट. पहिलीने मला चार महिने छळलं, म्हणून हे लिहायला बसले.

असल्या सुऱ्या बघणाऱ्यांना मापं सांगायला नकोत: साडेचार इंचाचं पातं, डी-टू नावाचं कडक स्टील, मायकार्टाची (राळेत दाबून घट्ट केलेल्या कापडाची) मूठ, चामड्याचं म्यान. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडणाचा मला कंटाळा आलाय. घेतली कशासाठी, तर आगरातल्या बारीकसारीक कामांना. कोयती जड पडते, आणि स्वयंपाकघरातली सुरी फणसाच्या चारखंडात, म्हणजे चिवट सालीत, घातली की वाकते. लेकाने मोबाइलवर दाखवली, मला आवडली, फेब्रुवारीत मागवली. एवढ्या पैशांत आमच्या लोहाराकडच्या आठ कोयत्या आल्या असत्या, हे सासूबाईंनी त्याच दिवशी ऐकवून घेतलं.

खोका उघडला तेव्हा मी खूश होते. हातावरची लव निघत होती, इतकी धार. मग मूठ हातात घट्ट धरली आणि अंगठ्याला काहीतरी लागलं. मुठीच्या दोन बाजूंना दोन फळ्या, मधे पात्याचंच लोखंड, आणि सगळं पिनांनी जोडलेलं. डाव्या बाजूच्या फळीत, शेवटच्या पिनेच्या मागे, फळी आणि लोखंड यांच्यामध्ये फट. नख अडकत होतं. वाणसामानाची पावती घातली, ती सरळ आत गेली. पोस्टकार्ड घातलं, ते नाही गेलं. म्हणजे फट पावतीपेक्षा मोठी, पोस्टकार्डापेक्षा लहान.

ह्यांनी कॅलिपर काढला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. धारेचा उतार एका बाजूला १.८ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला २.६. टोकाकडे तर धार मधोमध नाहीच, डावीकडे सरकलेली. "हा खरा दोष, फट काय, भरता येते," असं त्यांचं मत. बरोबरच असणार. पण उतार मला कापताना जाणवत नव्हता आणि फट दर वेळी अंगठ्याखाली येत होती. चपलेतल्या खड्यासारखी.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की वस्तू हाताने बनवलेली आहे, थोडाफार फरक असतोच, तेच तिचं सौंदर्य आहे. मीही रोज हाताने पोळ्या करते, मधे कच्ची राहिली तर सौंदर्य म्हणून कोणी खात नाही. मग त्यांनी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पार्सल, फोन काय दातात धरायचा? या देवाणघेवाणीत सात दिवस गेले आणि आठव्या दिवशी कळवण्यात आलं की परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, पाठवा, खर्च तुमचा.

तालुक्याच्या कुरिअरवाल्याने खोका हातात घेऊन विचारलं, "आत काय?" मी खरं बोलले. "काकी, हत्यार नाही घेत आम्ही." त्याला सांगितलं की शस्त्रांच्या नियमांत लायसनची भानगड आहे ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची अवजारं वगळलेली आहेत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि खोका परत दिला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण येताना सुरी पोचवणारं कुरिअर जाताना ती नेत कसं नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तोवर फणस सुरू झाले. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करताना त्रास नव्हता, हाताला आणि पात्याला खोबरेल तेल चोपडलं की चीक धरत नाही. मे महिन्यात बरका फणस फोडला. रस मनगटापर्यंत आला, सुरी नीट धुतली, पुसली, ओट्यावर ठेवली. सकाळी खिडकीपासून सुरीपर्यंत मुंग्यांची रांग. पात्यावर एकही नाही, सगळ्या मुठीच्या मागच्या टोकाशी, फटीतून आत-बाहेर. मूठ ओट्यावर आपटली तर आतून आणखी पंधरा-वीस पडल्या, एकीच्या तोंडात गऱ्याचा कण. त्याच सकाळी मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला.

मराठीत बोलणारी मुलगी भेटली. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी २०२० चे नियम आहेत. त्यांचा तक्रार अधिकारी असतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. हे आधी माहीत असतं तर मी मार्चमध्येच त्याला लिहिलं असतं, विकणाऱ्याच्या चॅटच्या खिडकीत बोटं झिजवली नसती. आता त्याला लिहिलं, तर पोच तिसऱ्या दिवशी आली. निवारण आलं अठ्ठाविसाव्या दिवशी: ३०० रुपयांचं कूपन, ३,००० च्या वरच्या खरेदीवर.

इथवर लिहून थांबले असते तर एक तारा दिला असता. त्यातून धारही गेली होती. पहिल्या दिवशी लव काढणारी सुरी आठवड्याभरात टोमॅटोवर घसरायला लागली. डी-टू म्हणजे धार टिकणारच, असं सगळीकडे वाचलेलं. मला वाटलं, स्टीलच खोटं दिलंय.

जूनमध्ये कोयतीला धार लावायला लोहाराकडे गेले, ही पण पिशवीत टाकली. त्याने कानस घेतली आणि आधी पात्याच्या पोटावर हलकेच फिरवली. काचेवरून जावी तशी सर्रकन घसरली, ओरखडासुद्धा नाही. मग अगदी धारेच्या कडेला लावली. तिथे कानस चावली. बारीक चमचमता कीस त्याच्या बोटाला लागला, तो त्याने मला दाखवला. "वयनी, पात्याला पाणी आहे. धारेचं उतरलंय. मशीनवर कोरडी घासलीय, कड तापली. घासत जा, आत चांगलं लोखंड आहे." पाणी म्हणजे तापवून विझवल्यावर लोखंडाला येणारा कडकपणा. माझे ४० रुपये आणि तीन महिन्यांचा राग, दोन्ही त्याने घेतले.

घरचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, या स्टीलला पुरेना, तासभर घासून नुसता हात दुखला. ४५० रुपयांची डायमंड प्लेट घेतली. जून-जुलैत चार वेळा धार लावली, आणि चौथ्या वेळेनंतर सुरी पार बदलली. केळीची पानं, खताच्या गोण्या, सुंभ, नारळाच्या झावळीचे हिर, दोन महिने न घासता सगळं केलं. गणपतीत मोदकांची हळदीची पानं तिनेच कापली आणि कडा फाटल्या नाहीत. घासता घासता ह्यांनी दोन्ही उतारही जवळपास सारखे करून घेतले. म्हणजे वाईट होती ती वरची केसभर कड. कंपनीने घासताना कड गार ठेवायला पाणी मारलं असतं तर मला हे महाभारत लिहावं लागलं नसतं.

गंजाचं थोडक्यात: डी-टूला 'गंज लागत नाही' असं म्हणतात, ते खोटं. डी-टूमध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनबरोबर बांधलं जातं, गंज अडवायला मोकळं उरत नाही. आमच्याकडे जुलैत चामडं वाळतच नाही, तीन दिवस म्यानात राहिली तर पात्यावर तपकिरी ठिपके. तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. म्यानात सध्या ह्यांच्या पेन्सिली आहेत.

आता फट. डावीकडची ह्यांनी मे महिन्यातच भरली. स्पिरिटने साफ केली, एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापून तिने अराल्डाइट आत ढकललं आणि रात्रभर शिकंज्यात धरली. दगड झालीय, मुंग्या नाहीत. पण त्यांचं तेव्हाच म्हणणं होतं की उजवीकडेही आतून गोंद पोचलेला नाही, फळी नुसत्या पिनांच्या जोरावर उभी आहे आणि पावसाळ्यात हलेल. मी म्हटलं, अपशकुनी बोलू नका. खंडेनवमीला कुंकवाने त्यांची बाजू घेतली.

हिशोब: सुरी २,८९०, प्लेट ४५०, लोहार ४०, अराल्डाइट घरात होतं. ३,३८० रुपये आणि माझे फोन. लोहाराची कोयती साडेतीनशेची, बारा वर्षं झाली, मूठ एकदाच बदलली, तीही पडलेल्या सागाची. तरी खरं सांगायचं तर आता हात आधी या सुरीकडे जातो. चार तारे देणार होते, पण लाल रेघ बघितली आणि तीनवर आले.

कूपन पडून आहे, डिसेंबरअखेरपर्यंत चालेल. कुणाला हवं असेल तर सांगा. फक्त पार्सल उघडताना व्हिडिओ काढायला दुसरं माणूस बोलवा आणि वाणसामानाची पावती हाताशी ठेवा.