शाळेची 'शिक्षक परिचय' पुस्तिका: वर्षभर वापरून झाल्यावर

शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मुलगी अजून तिथेच आहे आणि जूनपासून धाकटाही तिथेच जाणार आहे. नाशिक, पाथर्डी फाट्याकडची छोटी शाळा, पहिली ते सातवी, एकेकच तुकडी, सेमी इंग्रजी, विनाअनुदानित. फी, बस, मैदान यावर लोकांनी भरपूर लिहून झालंय. मला फक्त त्या पुस्तिकेबद्दल लिहायचंय जी जूनमध्ये किटसोबत गळ्यात मारतात. आर्ट पेपर, रंगीत, एका शिक्षकाला एक अख्खं पान, आणि पावतीवर तिचे १५० रुपये वेगळे. फी वाढवायची तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावं लागतं, किटला कोण विचारतंय. आता १५० रुपये दिलेत म्हटल्यावर ती वस्तू मी वापरणारच. वापरली.

लिहायला बसलो त्याचं कारण असं की दिवाळीनंतर परिसर अभ्यासाच्या मॅडम सोडून गेल्या. हरकत नाही, माणसं नोकऱ्या बदलतात, खाजगी शाळेत पगार काय असतात ते सगळ्यांना माहितीये. पण पुस्तिकेत त्या हसतायत, ॲपमध्ये हसतायत, गेटजवळच्या फ्लेक्सवर तर गॅदरिंग होईपर्यंत हसत होत्या. त्यांच्या जागी कोण आलं, कुठून आलं, आधी काय करत होतं, एक ओळ नाही. मुलीला विचारलं तर म्हणे छान आहेत, त्यांच्याकडे पांढरी स्कूटी आहे. शाळेपेक्षा जास्त माहिती तिनेच दिली.

पुस्तिकेत आहे काय ते सांगतो. निळ्या पडद्यापुढचा फोटो, नाव, डिग्री, छंद, आवडता सुविचार, 'मुलांसाठी संदेश'. बहुतेकांचा छंद वाचन, उरलेल्यांचा संगीत ऐकणे. संदेश सगळे एकाच माणसाने एका बैठकीत लिहिल्यासारखे. बायकांच्या पानांवर 'एका गोड मुलीची आई', 'कुटुंबवत्सल' वगैरे आहे, पुरुष शिक्षकांना बहुतेक मुलंबाळं नसावीत, त्यांच्या पानांवर असलं काही नाही. कोणाला किती मुलं आहेत ते मला कळून काय करायचंय? मला पाहिजे ते एकच, आणि ते कुठल्याच पानावर नाही. रुजू कधी झाले.

घरात यावरून माझी चेष्टा होते पण मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, आमच्याकडे कागदावर तारीख नसेल तर तो कागदच नाही. 'अनुभवी शिक्षकवृंद' असं मुखपृष्ठावर छापलंय ना, मग अनुभव किती वर्षांचा, कुठल्या वर्गाला शिकवून आलेला, कुठल्या गावात, ते लिहा की. सातवीला दहा वर्षं शिकवलेला माणूस पहिलीला नवखाच असतो. एवढ्या दोन ओळींसाठी सुविचार काढला असता तरी जागा झाली असती.

दुसरी गोष्ट पानांचा क्रम. सगळ्यात पुढे मुख्याध्यापिका, मग एमएस्सी बीएड, एमए बीएड, आणि डीएडवाले सगळ्यात शेवटी, क्लार्क आणि मावशींच्या अलीकडे. जूनमध्ये मी पण इतर पालकांसारखाच वाचत गेलो, एमएस्सीवाल्या मॅडम दुसरीला आहेत म्हणजे पैसे वसूल असं वाटलं होतं. नंतर मेहुण्याने, तो जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, क्रम उलटा कसा आहे ते सांगितलं. डीएड, आताचं डीएलएड, हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स, तो लहान मुलांना शिकवण्यासाठीच आहे. बीएड मुळात हायस्कूलसाठी. २०१८ मध्ये एनसीटीईने (शिक्षकांची पात्रता ठरवणारी केंद्राची संस्था) बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीची दारं उघडून दिली होती, ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ती बंद केली, म्हणजे प्राथमिकला नवीन भरती करायची तर नुसतं बीएड चालत नाही. जे आधीपासून आहेत ते आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि दुसरीच्या मॅडम वाईट शिकवतात असंही नाही. पण पहिली ते पाचवीच्या पालकाला दाखवायचं पान शेवटी टाकलंय आणि दाखवायला सोपं ते पुढे.

आता शेवटच्या पानाकडे येतो, कारण तिथेच माझं या पुस्तिकेबद्दलचं मत जरा हललं. म्हणजे पुस्तिका जास्तच वाईट वाटायला लागली पण शाळा चांगली वाटायला लागली, असं काहीतरी.

मुलगी चौथीत. चौथीची स्कॉलरशिप परीक्षा २०१६-१७ पासून पाचवीला गेली होती आणि सातवीची आठवीला, ती २०२५-२६ पासून परत चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाला. तोही दिवाळीच्या तोंडावर, वर्ष अर्धं झाल्यावर. सगळ्या पालकांची धावपळ. पेपर दोन, एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, दीडदीडशे मार्कांचे. क्लासवाल्यांनी लगेच 'चौथी स्पेशल बॅच' लावल्या, एकाने मला जी रक्कम सांगितली ती ऐकून मी चहा न घेताच निघालो. मग प्रश्न आला की शाळेत चौथीची स्कॉलरशिप आधी शिकवलेलं कोणी आहे का, म्हणजे २०१६ च्या आधी. पुस्तिका उघडली. वाचन, संगीत, वाचन, कुटुंबवत्सल. मिटली.

शेवटी सरळ ऑफिसात विचारलं तर क्लार्कच म्हणाला, अहो तुमच्या क्लासटीचरच की, त्या २०११ पासून इथेच आहेत, तेव्हा चौथीचा स्कॉलरशिपचा वर्ग त्याच घ्यायच्या. या त्याच शेवटच्या पानावरच्या डीएडवाल्या. पुस्तिकेत त्यांच्या नावाखाली 'छंद: रांगोळी'. त्यांना भेटलो तर कपाटातून जुन्या प्रश्नपत्रिकांची पिशवी काढून दाखवली, वर्षवार लावलेली, प्रत्येकीवर तारीख. मला काय आनंद झाला असेल सांगा. शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गातच सराव घेतात, वेगळे पैसे नाहीत. क्लासची फी वाचली.

बोलता बोलता बाकीचं पण कळलं. डीएड झालं त्या काळात डीएडला ॲडमिशन मिळणं म्हणजे घरात पेढे, गावोगाव कॉलेजं निघाली होती. नंतर २०१० ची शिक्षक भरतीची सीईटी झाली आणि पुढे सरकारी भरती जी अडकली ती पवित्र पोर्टल (ऑनलाइन शिक्षकभरतीचं) येईपर्यंत, तोवर त्यांच्या बॅचचे लोक कुठे कुठे गेले, कोणी एलआयसी, कोणी झेरॉक्सचं दुकान. मॅडम स्वतः आधी सुरगाण्याकडे आश्रमशाळेत होत्या आणि मग इथे. घरी कोकणी (गोव्याची नव्हे, तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली) बोलणारी मुलं पहिलीत प्रमाण मराठी वाचायला कशी लागतात हे त्या तिथे शिकल्या म्हणे, आणि आमच्याकडच्या इंग्रजी कार्टून बघून आलेल्या मुलांना तीच पद्धत चालते. ही पार्श्वभूमी छापायला लाज वाटते का शाळेला? मला विचाराल तर मुखपृष्ठावर हीच पाहिजे.

यात एक वेगळंच. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही, ज्यांची नोकरी ५ वर्षांपेक्षा जास्त उरलीये, २ वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावीच लागणार. आपल्याकडे पहिली टीईटी झाली डिसेंबर २०१३ मध्ये, मॅडम त्याच्या आधीच्या. त्यामुळे चाळिशीत घर, शाळा, शनिवारची स्कॉलरशिप सांभाळून त्या टीईटीचं गाइड घेऊन बसल्यात, पेपर एक, दीडशे प्रश्न, अडीच तास, पासिंगला ६० टक्के म्हणजे ९० मार्क. पालकांच्या ग्रुपवर यावरून एकजण लिहितो की 'म्हणजे यांच्याकडे क्वालिफिकेशनच नाही'. अरे बाबा, त्या लागल्या तेव्हा ही परीक्षाच नव्हती आपल्याकडे. रुजू तारीख छापली असती तर हा प्रश्न आलाच नसता, बघा फिरून मी तिथेच येतो.

मग पालकसभेत मी विषय काढला. मागणी साधी ठेवली, प्रत्येकाने चार ओळी, कधीपासून, कुठले वर्ग, आधी कुठे. मुख्याध्यापिका जरा नाराज दिसल्या, म्हणाल्या शिक्षकांची खाजगी माहिती असते. मी म्हटलं, खाजगी तर तुम्हीच छापलीये की, गोड मुलगी वगैरे. त्यावर एक आई जोरात हसल्या आणि बहुतेक त्यामुळेच ठराव झाला.

आठवड्याभरात वर्गात एक कागद वाटला, झेरॉक्स, काळा-पांढरा, शिक्षकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. खर्च दोन रुपये असेल नसेल. १५० वालीपेक्षा याच कागदाचा जास्त उपयोग झाला. पीटीचे सर पेठ तालुक्यात आश्रमशाळेच्या वसतिगृहावर अधीक्षक होते, म्हणजे रात्री-बेरात्री तापलेली पोरं सांभाळलेला माणूस, सहलीला मुलगी पाठवायची की नाही हा आमच्या घरातला वाद तिथेच संपला. इंग्रजीच्या मॅडम पुण्यात कॉल सेंटरला होत्या, मग बीएड. चित्रकलेचे सर आधी दुकानांचे बोर्ड रंगवायचे, फ्लेक्स आले आणि काम गेलं, मग एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलं (आणि शाळेने यांचा फोटो लावला फ्लेक्सवर, असो). सहावी-सातवीचे गणिताचे सर सातपूरला कंपनीच्या लॅबमध्ये होते, दशांश अपूर्णांक शिकवताना व्हर्निअर घेऊन येतात, मुलांना पेन्सिलीची जाडी मोजायला लावतात. व्हर्निअर! मुलगी सहावीत जाईपर्यंत या सरांनी नोकरी बदलू नये एवढीच अपेक्षा.

आणि स्कूटीवाल्या नवीन मॅडम. त्यांनी लिहिलंय, 'पहिलीच नोकरी. डीएलएड २०२५. टीईटी दिली आहे.' बस्स. काही पालकांना हे खटकलं, मला नाही. नवीन आहेत हे माहीत असलं की मी वही जरा जास्त बघतो, त्यांनीही नकाशा उलटा चिकटवला होता तो दाखवल्यावर लगेच बदलला. लपवलं असतं आणि नंतर कळलं असतं तर मी भांडलो असतो.

ज्यांच्या शाळेत असला कागद मिळत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर असतो, तो टाकून सरकारी पोर्टलवर शाळेचं रिपोर्ट कार्ड फुकट बघता येतं, शिक्षक किती आणि मुलं किती ते कळतं. प्राथमिकला ३० मुलांमागे १ शिक्षक हे आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण, तेवढा भागाकार घरी करता येतो. सीबीएसईवाल्या शाळांना तर शिक्षकांचा तपशील स्वतःच्या वेबसाइटवर टाकावाच लागतो. पोर्टलवर नावं नसतात आणि आकडे मागच्या वर्षाचे असतात, पण वर्ष छापलेलं असतं, ते महत्त्वाचं.

पुस्तिकेची सध्याची अवस्था: पाठीमागचं कव्हर मुलीने प्रोजेक्टला कापलं, कागद जाड आहे हा एकमेव गुण. झेरॉक्स फ्रिजवर लावलाय, त्यावर सोडून गेलेल्या शिक्षकांपुढे मी तारीख लिहितो.

धाकट्याच्या ॲडमिशनला गेलो तर नवीन वर्षाची पुस्तिका छापून तयार. पहिल्याच पानावर बघितलं, 'रुजू' असा रकाना आलाय, आणि खाली फक्त वर्ष, महिना नाही. आणि एका घरात दोन मुलं असली तरी दोन किट घ्यावी लागतील म्हणे, म्हणजे त्याच शिक्षकांचे तेच फोटो दोनदा, ३०० रुपये. लेखी अर्ज दिलाय की एकच द्या. पोच घेतली आहे, शिक्क्यासकट. उत्तर आलं की कळवतो.