‘एन’ नसलेला कॉन्स्टंटाईन

वाढदिवसाला स्वतःलाच काहीतरी घ्यावं म्हणून एका ऑनलाइन नाणेविक्रेत्याकडून २९ युरोंना एक रोमन नाणं मागवलं. मी राहते कोलोनला, त्यामुळे पाकीट तिसऱ्या दिवशी दारात. आत निळ्या मखमलीची डबी, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, त्यावर ठसठशीत अक्षरांत रोमन सम्राटाचं नाव आणि कारकीर्द: ‘कॉन्स्टंटाईन द ग्रेट, इ.स. ३०६–३३७’. डबी उघडली की शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं, गडद तपकिरी नाणं. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर १.५ ग्रॅम.

आधी चांगलं सांगते. नाणं अस्सल दिसतं. मागच्या बाजूला दोन शिपाई भाले घेऊन उभे, मध्ये एकच निशाण, भोवती ‘ग्लोरिया एक्झर्किटस’, म्हणजे सैन्याची कीर्ती. हा छाप ओळखीचा: आधी ३३० च्या सुमारास दोन निशाणांचा, मग ३३५ पासून एका निशाणाचा, आणि वजनही त्याबरोबर उतरलेलं. शिपायांच्या पायाखाली ‘टी आर एस’. ‘टी आर’ म्हणजे ट्रिअरची टांकसाळ आणि ‘एस’ म्हणजे तिथला दुसरा विभाग. ट्रिअर आमच्याकडून रेल्वेने जाण्यासारखं. तिथली कॉन्स्टंटाईनची ती विटांची प्रचंड दरबारशाला मी दोनदा पाहिली आहे. आत आता चर्च आहे. त्याच गावात पाडलेलं नाणं तळहातावर आलं याचा आनंद खराच झाला.

तो साधारण वीस मिनिटं टिकला.

सवयीने मोबाइलची बॅटरी आडवी धरली आणि भिंगातून दर्शनी बाजूचा लेख वाचायला घेतला. सुरुवातीची अक्षरं झिजलेली. पुढे मात्र स्वच्छ: ‘ए एन टी आय व्ही एस’, मग चेहरा, मग ‘एन ओ बी सी’. पुन्हा वाचलं. ‘टी आय’ नंतर ‘एन’ हवा होता, तो नव्हताच. झिजलेला नव्हे, मुळात कोरलेलाच नव्हे, कारण तिथे जागाच नाही. (‘यू’ च्या जागी ‘व्ही’ ही त्यांची पद्धत, त्याला घाबरू नका.)

म्हणजे कॉन्स्टंटिनस (कॉन्स्टंटाईनचं लॅटिन रूप) नाही, कॉन्स्टंटियस. बाप नाही, मुलगा!

हे घराणंच नावांच्या बाबतीत छळणारं. आजोबा कॉन्स्टंटियस, बाप कॉन्स्टंटिनस, त्याच्यानंतर गादीवर आलेले तीन मुलगे कॉन्स्टंटिनस, कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स. सगळ्यांचं मूळ एकच, ‘स्थिर’ या अर्थाचा शब्द. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “मग काय, नातवाला आजोबांचं नाव ठेवलं. आपल्याकडे नाही का?” तिला यात गोंधळ दिसेचना.

माझं नाणं आजोबांचं असू शकत नाही. ते ३०६ मध्येच यॉर्कला वारले, हा छाप नंतरचा. ‘एन ओ बी सी’ म्हणजे नोबिलिसिमस सीझर, आपल्या भाषेत युवराज. या तिघांतला मधला, कॉन्स्टंटियस, ३२४ पासून सीझर होता आणि बाप गेल्यावर, सप्टेंबर ३३७ मध्ये, ऑगस्टस, म्हणजे सम्राट, झाला. एक निशाण आणि सीझर हे दोन्ही जुळवलं की नाणं ३३५ ते ३३७ मधलं ठरतं. प्रमाणपत्रावरच्या एकतीस वर्षांपेक्षा हे किती नेमकं! बापाचं असतं तर नावापुढे ‘एम ए एक्स ए व्ही जी’ दिसलं असतं: मॅक्सिमस ऑगस्टस. ‘द ग्रेट’ म्हणायला निदान तो ‘मॅक्स’ तरी सापडायला हवा. तिघांतल्या थोरल्याच्या नाण्यावर ‘एन’ असतो, पण पुढे ‘आय व्ही एन’, म्हणजे धाकटी पाती, असंही येतं. आणि ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे आपले, इतिहासकारांचे. नाण्यावर ते शोधू नका.

हे सगळं मला कुठून सुचलं तर बाबांच्या ‘शिवराई’ नाण्यांमुळे. तपकिरीच्या डबीत त्यांच्याकडे तीसेक होत्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शाळेत असताना मी प्रत्येक शिवराई थेट महाराजांच्या काळातली समजायचे. बाबा एखादी दुदांडी (दोन रेघांची शिवराई) काढून म्हणायचे, “नाव महाराजांचं, पण ही बरीच नंतरची.” तोच लेख पुढच्यांनी वर्षानुवर्षं चालवला होता. तेव्हापासून नाव वाचलं की माझा हात आपोआप नाणं उलटं करतो.

विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर चार तासांत आलं, सभ्य होतं. चूक मान्य, पण सोबत खुलासा की गिऱ्हाईक ‘कॉन्स्टंटाईन’ एवढंच शोधतं, म्हणून त्या घराण्याची सगळी नाणी त्याच नावाखाली लावतात. हे मला पटलं नाही. किराणा दुकानात तूरडाळ मागितली आणि मसूर मिळाली, तर ‘डाळच आहे ना’ हे उत्तर चालत नाही. त्यांनी नाणं परत घेण्याची तयारी दाखवली, नाहीतर ८ युरो परत. मी ८ युरो घेतले.

आणखी एक तक्रार: डबीतलं पाकीट मऊ पीव्हीसीचं होतं. तांब्याच्या नाण्याला ते वाईट, काही महिन्यांत हिरवा चिकटा धरतो. आल्या दिवशीच कागदी पाकिटात हलवा. आणि चिंच-मीठ तर अजिबात लावू नका. वरचा तपकिरी थर गेला की अक्षरंही जातात.

पाचापैकी तीन तारे. नाण्याला साडेचार दिले असते, कार्डाने दीड खाल्ला. या दुकानातून घ्यायचंच असेल तर आधी दर्शनी बाजूचा मोठा फोटो मागा आणि दुसऱ्या ‘टी’ नंतरची अक्षरं स्वतः मोजा.

सोनेरी कार्ड मी टाकलं नाही. मागे पेनने लिहून ठेवलंय: कॉन्स्टंटियस दुसरा, सीझर असताना, ट्रिअर, ३३५–३३७.