हेक्टरी ०.०००४८ बिबटे: ‘एसईसीआर’ प्रणालीचे परीक्षण

बिबट्यासारखा निशाचर, बुजरा प्राणी मोजताना दिसले तेवढे मोजून भागत नाही. किती निसटले याचाही अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी मरे एफर्ड यांनी ‘आर’ या संगणकभाषेत तयार केलेली ‘एसईसीआर’ (स्पेशली एक्स्प्लिसिट कॅप्चर-रीकॅप्चर) ही विनामूल्य प्रणाली मी सह्याद्रीतल्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, नोंदींसाठी तीन हंगाम वापरली आहे.

पूर्वी, एकदा टिपलेल्या आणि पुन्हा टिपलेल्या प्राण्यांवरून एकूण संख्या काढून घनतेसाठी तिला क्षेत्रफळाने भागत असत. पण ते क्षेत्रफळ नेमके कोणते? शेवटचा कॅमेरा जिथे बांधला तिथे बिबट्याची हद्द थोडीच संपते! म्हणून कॅमेऱ्यांभोवती एक पट्टा जोडला जाई आणि त्याची रुंदी बदलली की घनताही बदले. एसईसीआर प्रत्येक प्राण्याच्या वावराला एक केंद्र असते आणि कॅमेरा त्या केंद्रापासून जितका दूर तितकी प्राणी टिपला जाण्याची शक्यता कमी, असे धरते, आणि कोणता प्राणी कोणत्या कॅमेऱ्यासमोर कितीदा आला यावरून थेट घनता काढते. पट्टा इथेही द्यावा लागतो. मात्र तो पुरेसा रुंद असला की आणखी वाढवूनही उत्तर फारसे हलत नाही. कोणता कॅमेरा कोणत्या रात्री बंद होता हेही तिला सांगता येते, आणि गुरांच्या धडकेने कॅमेरे आडवे होणाऱ्या आपल्या रानात ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

गैरसोयी आहेतच. अक्षांश-रेखांश अंशांत देऊन चालत नाही, ते मीटरमध्ये रूपांतरित करावे लागतात. माझे पहिले दोन दिवस त्यातच गेले. उत्तर येते ते हेक्टरी. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात कॅमेऱ्यांच्या आधारे झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे ४.८ प्रौढ बिबटे आढळले होते. हाच आकडा इथे ०.०००४८ असा दिसेल आणि नवख्याला गणित चुकल्याची शंका येईल.

ठिपके जुळवण्याचे काम मात्र प्रणाली करत नाही. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षी वेगळी असते, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे हवेत. नाहीतर एकाच बिबट्याचे दोन होतात आणि प्रणाली ते निमूटपणे स्वीकारते. ज्यांच्या अंगावर अशी नक्षीच नाही, त्या कोल्ह्यांसाठी किंवा रानकुत्र्यांसाठी केवळ छायाचित्रांवर विसंबून ती वापरू नये.

नोंदी तोकड्या असतील तर ती आकडा देते, पण सोबत अनिश्चिततेची मर्यादाही देते. पहिल्या हंगामात आम्हाला चारच बिबटे ओळखता आले, त्यांतला एकच पुन्हा दिसला, आणि मर्यादा इतकी रुंद आली की आम्ही अहवालातून घनतेचा रकाना काढून टाकला व पुढच्या हिवाळ्यासाठी कॅमेरे दुप्पट मागितले.